पेरुमाळमलै उतरताना

अप्पा, पेरुमाळमलैच्या त्या डोंगराबद्दल आपण दोघं नंतर कधी बोललो नाही. आईसमोर बोलणं शक्य नव्हतं, आणि आई नसताना कधी तुम्ही विषय बदलायचात, कधी मी. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की बोलायचं राहून गेलं असं म्हणण्यालाही फारसा अर्थ उरलेला नाही. पण आज ऑफिसात एक साधी गोष्ट झाली. तिथली तरुण मंडळी सुट्टीत कोडैकानलच्या बाजूला डोंगर चढायला निघाली आहेत. त्यांनी मलाही विचारलं, मॅडम, येता का म्हणून. मी गुडघे दुखतात असं सांगून टाकलं. गुडघे माझे ठणठणीत आहेत. घरी आले, भात लावला, जेवले, आणि भांडी तशीच ठेवून हा कागद घेऊन बसले.

तुम्ही जुन्नरकडचे. घराच्या मागच्या दारातून डोंगरच सुरू व्हायचा, असं तुम्ही सांगायचात. गडावर जाणं म्हणजे तुमच्यासाठी काही पराक्रम नव्हता, गुरं शोधायला जायचं, करवंदं आणायला जायचं, कुणाशी भांडण झालं की रुसून बसायला जायचं. मग तेविसाव्या वर्षी सरकारी कारखान्यात नोकरी लागली आणि तुम्ही इथे, चेन्नईजवळ आलात. "गावाचं नाव आवडी, पण आवडलं म्हणून नाही आलो, पोस्टिंग मिळालं म्हणून आलो," हा तुमचा विनोद घरी येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला ऐकावा लागे. इथे उंच म्हणजे रेल्वेवरचा पूल. मी लहान असताना एकदा तुम्ही मला परंगीमलैच्या टेकडीवर घेऊन गेला होता. दहा-पंधरा मिनिटांत पायऱ्या संपल्या तेव्हा तुम्ही इकडेतिकडे बघून म्हणालात, "संपला?" मी तुम्हाला अप्पा म्हणायचे आणि शेजारच्या तमिळ मामींना वाटायचं की हा शब्द मी त्यांच्याकडूनच उचललाय. तुम्ही त्यांना कधी खरं सांगितलं नाही. या गावाशी जुळवून घेण्याची तुमची अशीच पद्धत होती, गप्प राहून.

माझी नोकरी लागून तीनेक वर्षं झाली होती. अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, जिथे पूर्वी नुसते पत्र्याचे कारखाने होते तिथे काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या, आणि त्यांतल्या एका इमारतीत मी कॉम्प्युटरसमोर बसत होते. तुम्हाला निवृत्तीला चार वर्षं उरली होती. तेव्हा मीच म्हणाले की पोंगलच्या सुट्टीला जोडून रजा काढू आणि एक खरा डोंगर चढून येऊ. स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं न थांबवता सांगितलं की डोंगर तिने लग्नाआधीच सोडले, आता तुम्ही दोघं काय तो गोंधळ घाला. तुम्ही ताटातली अर्धी पोळी तशीच ठेवून उठलात आणि कपाटातून तुमची जुनी खाकी पाठपिशवी काढलीत. तिचा एक बंद तुटलेला होता. त्याच संध्याकाळी सुई-दोरा घेऊन तुम्ही तो शिवायला बसलात, आणि सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवलात. हे मी मुद्दाम लिहितेय. समोरचं तुम्हाला तेव्हा तितकं लख्ख दिसत होतं.

त्याच रविवारी मी तुम्हाला टी. नगरला नेलं आणि बूट घेऊन दिले. जाड तळव्याचे, घोटे झाकणारे, तपकिरी. आयुष्यभर कारखान्याने दिलेले काळे बूट घालणारा माणूस तुम्ही, दुकानातल्या गालिच्यावर चार चकरा मारून आलात आणि लाजलात. परतताना साड्यांच्या दुकानांसमोर ती नेहमीची झुंबड होती. एका दुकानाच्या दारात साडी नेसवलेला पुतळा ठेवला होता. त्याला तुमचा खांदा लागला आणि तुम्ही झटकन मागे होऊन "सॉरी मा" म्हणालात. मी इतकी हसले की रस्त्यात थांबावं लागलं. तुम्हीही हसलात. घरी आल्यावर आईला मी तो प्रसंग अभिनय करून दाखवला. तुम्ही तेव्हाही हसत होता.

एग्मोरहून गाडी, पहाटे कोडैरोड स्टेशन, तिथून बस. घाट सुरू झाला तसे तुम्ही खिडकीशी सरसावून बसलात आणि मला एकेक झाड दाखवू लागलात. कोडैकानलच्या थोडं अलीकडेच पेरुमाळमलै नावाचं गाव आहे आणि त्याच्या डोक्यावर तो डोंगर, खाली रुंद आणि वर एकदम टोकदार. त्या रात्री आपण गावातल्या एका लॉजमध्ये राहिलो, आणि लॉजच्या मालकाने वाट दाखवायला एका म्हाताऱ्या माळ्याला सांगून ठेवलं. नासपतीच्या बागेत काम करणारा, डोक्याला मफलर, अंगात स्वेटर आणि पायात रबरी चपला. त्याने तुमच्या बुटांकडे बघून मान डोलावली. बूट चांगले आहेत, असं तो म्हणाला, पण वाटेत गवे असतात, तेव्हा माझ्या मागेच राहायचं.

सकाळी सात वाजता निघालो. आधी कॉफीची झाडं, मग निलगिरी, मग काळोखं दाट रान, ज्यात शेवाळ धरलेल्या फांद्या वाटेवर आडव्या आल्या होत्या. थंडी होती. माझा दम अर्ध्या तासातच निघाला आणि तुमचा नाही. तुम्ही पुढे माळ्याच्या मागे ठराविक लयीत चालत होता, छप्पन्न वर्षांचा माणूस, आणि मी मागून तुमच्या पोटऱ्यांकडे बघत होते. ती चाल मी कधी पाहिली नव्हती. चेन्नईत तुम्ही पाय ओढत चालायचात. इथे पाय उचलून, टाच नीट टेकवून, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत. मला वाटलं, या माणसाला तीस वर्षं चुकीच्या जागी ठेवलं होतं.

रानात मात्र तुम्ही अडखळायला लागलात. पहिल्यांदा डाव्या बाजूच्या फांदीने कपाळ खरचटलं. मग उजवीकडचा दगड गुडघ्याला लागला. मग वाट डावीकडे वळली, माळी वळला, आणि तुम्ही सरळच चालत राहिलात, थेट झुडपात. मी मागून हाक मारली. तुम्ही थांबलात, हसलात, परत आलात. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. या वेळी पलीकडे झुडूप नव्हतं, उतार होता, आणि माळ्याने तुमचा दंड धरून ओढलं म्हणून बरं. मी घाबरले होते, आणि घाबरले की माझी जीभ तिखट होते हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हणाले, "अप्पा, लक्ष कुठे असतं तुमचं? जरा बघून चालता येत नाही?" हे मी तुम्हाला म्हणाले. तुम्ही मान खाली घालून बुटाची नाडी पुन्हा बांधलीत. ती सुटलेली नव्हती. माळ्याला मराठी कळत नव्हतं, पण त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यावरून एवढं कळलं की जे मला अजून कळलं नव्हतं ते त्याला कळून चुकलंय.

रान संपलं आणि गवताळ धार सुरू झाली. तिथे मोकळं होतं, ऊन होतं, वाट सरळ होती, आणि तुम्ही पुन्हा पहिल्यासारखे चालायला लागलात. शेवटचा चढ इतका उभा होता की गवताचे झुबके धरून चढावं लागलं. तुम्ही आधी पोचलात. मी वर आले तेव्हा तुम्ही दगडांच्या एका ढिगाऱ्याजवळ उभे होता, दोन्ही हात कमरेवर. वर दुसरं काही नव्हतं, वारा आणि आपण तिघं. एका बाजूला कोडैचे डोंगर एकामागे एक निळे होत गेलेले, दुसऱ्या बाजूला खाली पार सपाट मुलूख, शेतं, एक चकाकणारा तलाव. मी आयुष्यात तितकं लांबचं कधी पाहिलं नव्हतं. माळी काठीने एकेक ठिकाण दाखवत होता. तुम्ही काठी दाखवेल तिकडे तोंड फिरवत होता, आणि "हो, हो" म्हणत होता, आणि तुमचं तोंड प्रत्येक वेळी थोडंसं चुकीच्या जागी थांबत होतं. त्या उन्हात तुम्ही डोळे बारीक केलेत, कपाळावर हात धरलात, आणि मला हळूच विचारलंत, "सगळं पांढरट दिसतंय. धुकं आहे ना?"

धुकं नव्हतं. आकाश धुऊन ठेवल्यासारखं होतं. मी तुमच्याकडे बघितलं, आणि टी. नगरमधला पुतळा, फांदी, दगड, झुडूप, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मी म्हणाले, "हो अप्पा, धुकं आहे." तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला बरं वाटलं असावं. मग आपण खाली बसून आईने दिलेल्या पोळ्या आणि लसणाची चटणी खाल्ली, माळ्यालाही दिली, आणि तुम्ही त्याला तुमच्या मोडक्या तमिळमध्ये जुन्नरच्या गडांबद्दल सांगितलंत. तो मन लावून ऐकत होता. मी पोळी हातात धरून खालच्या रानाकडे बघत होते, कारण ज्या वाटेने आलो त्याच वाटेने आता खाली जायचं होतं.

उतरताना पहिल्याच घसरड्या टप्प्यावर तुम्ही थांबलात. माळी पुढे गेला होता. तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात. "मला कडेचं दिसत नाही. समोरचं दिसतं, अगदी केसाएवढं दिसतं. पण कडेचं पुसलं गेलंय. पाटीच्या चारी कडा पुसाव्यात ना, तसं." मी विचारलं, कधीपासून. तुम्ही म्हणालात, दोन वर्षं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता, डोळ्यांत घालायचे थेंब दिले होते. थेंबांची बाटली तुम्ही कारखान्यात, तुमच्या टेबलाच्या खणात ठेवायचात, आणि तिथे सगळ्यांसमोर घालता येत नाहीत म्हणून बरेचदा घालायचा नाहीत. तुम्ही तपासणी विभागात होता, तयार झालेला प्रत्येक भाग मोजून पास करायचं तुमचं काम. कळलं तर तिथून उठवून कुठेतरी फायलींवर बसवतील, ही तुमची भीती. आणि घरी कळलं तर आई स्कूटर बंद करेल. तुम्ही हे सगळं एखाद्या नापास झालेल्या मुलासारखं सांगत होता, आणि मी तुमच्यापेक्षा एक पायरी खाली, मागे दरी ठेवून उभी होते.

तो डोंगर चढायला साडेतीन तास लागले होते, उतरायला सहा लागले. धारेवर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. रानात शिरल्यावर माळी पुढे, त्याच्या स्वेटरचं टोक तुमच्या हातात, आणि मी मागून सांगत होते, डावीकडे फांदी, उजवीकडे दगड, आता खाली, आता थांबा. काही ठिकाणी तुम्ही बसून सरकत उतरलात. माळी प्रत्येक वेळी "मेल्ला, अय्या, मेल्ला" म्हणायचा, सावकाश, सावकाश, आणि त्या आवाजात कीव नव्हती म्हणून मला त्याचे पाय धरावेसे वाटत होते. एका ठिकाणी माझाच पाय निसटला आणि माझ्यामुळे तुम्हीही घसरलात. तुमचा तळहात सोलवटला. मी रडायला लागले. तुम्ही रक्त पँटला पुसलंत आणि म्हणालात, "आईला सांगू नकोस. कारखान्यातही कुणाला कळता कामा नये. चार वर्षं फक्त. शब्द दे." त्या जागी, त्या उतारावर, दुसरं काय करणार होते मी? शब्द दिला.

चेन्नईला परतल्यावर पहिल्याच सोमवारी सकाळी तुमची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी खिडकीशी धावले. आपल्या अंबत्तूरच्या घरापासून आवडीच्या कारखान्यापर्यंत बस, लॉऱ्या, शेअर ऑटो, वाट्टेल तिकडून घुसणाऱ्या मोटरसायकली. आठवडाभर मी तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकत राहिले. मग आईला सांगितलं की आवडीत सकाळचा जर्मनचा क्लास लावलाय, अप्पा मला सोडतील आणि तिथून मी लोकलने परत अंबत्तूरला ऑफिसात जाईन. आई म्हणाली, बोलून दाखव बरं काही. मी एक ते पाच आकडे म्हटले. तिचा विश्वास बसला.

तुमच्या मागे बसून मी रस्ता बघायचे. आपली खूण ठरली होती. डावीकडून काही येत असेल तर मी तुमचा डावा खांदा दाबायचा, उजवीकडून येत असेल तर उजवा. दोन्ही दाबले की थांबायचं. दोनेक आठवड्यांत ते इतकं अंगवळणी पडलं की तुम्ही माझ्या बोटांवर गाडी चालवायला लागलात, आणि गप्पाही मारायला लागलात. लहानपणी घरात कधी न सांगितलेल्या गोष्टी तुम्ही तेव्हा सांगितल्यात, पाठमोरे, वाऱ्यात, अर्ध्या ऐकू येत नसत. कारखान्याच्या फाटकाशी मी उतरायचे आणि तुम्ही हेल्मेट काढून नुसती मान हलवायचात. संध्याकाळी मात्र तुम्ही एकटेच परतायचात. साडेचारला तुमची पाळी सुटायची. पाच वाजल्यापासून मी ऑफिसातल्या घड्याळाकडे बघत बसायचे आणि सव्वापाचला काहीतरी निमित्त काढून घरी फोन करायचे, आज भाजी कुठली आहे, दूधवाला आला का. आई म्हणायची, अगं हो, आणि अप्पाही आलेत, चहा घेतायत. मग मी खुर्चीत सैल व्हायचे. मधे एकदा मी तुम्हाला बळजबरीने दुसऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या बाईंनी तुमच्या नजरेचा नकाशा कागदावर काढून दाखवला, मधे थोडी पांढरी जागा आणि भोवती काळं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळा, असं त्यांनी सांगितलं. स्कूटरचं त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, छे, कधीच सोडली. मी शेजारी बसले होते.

त्या वर्षी शहरात पाणी नव्हतं. जूनमध्ये रस्त्यारस्त्यावर पाण्याचे टँकर उभे असत आणि भोवती बायकांच्या प्लॅस्टिकच्या रंगीत घागरींच्या रांगा. त्या सकाळी मी तुम्हाला माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका माणसाबद्दल सांगायचं ठरवून बसले होते. तमिळ होता, आपल्या जातीचा नव्हता, आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघत मला ते कधीच सांगता आलं नसतं. तुमच्या पाठीला सांगणं सोपं होतं. मी त्याचं नाव घेतलं. तुम्ही म्हणालात, "कोण? मोठ्याने बोल." मी पुढे झुकले, तुमच्या कानाशी तोंड नेलं, आणि माझे दोन्ही हात तुमच्या खांद्यांवरून निघाले.

टँकरच्या मागून, डावीकडून, ती बाई दोन घागरी घेऊन रस्ता ओलांडायला आली. मी तिला पाहिलंच नाही. मी पाहिलं ते रस्त्यावर सांडलेलं पाणी, आणि त्यात आडवी पडलेली ती. तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ती ओरडतही नव्हती, घागरीकडे हात करत होती, कुणीतरी घागर उचलावी म्हणून. लोक जमले, कुणी तुमची कॉलर धरली, कुणी ऑटो आणला. सरकारी हॉस्पिटलात पोलिसांनी विचारलं तेव्हा तुम्ही सगळं सांगून टाकलंत, डोळे, काचबिंदू, दोन वर्षं, सगळं. तोवर आई येऊन पोचली होती आणि तिनेही ते तिथेच, पहिल्यांदा ऐकलं. आणि मग तुम्ही म्हणालात, "मुलीने मला सावध केलं होतं. खांदा दाबला होता. मीच वेग कमी केला नाही."

मी काही बोलले नाही. मी तिथे भिंतीला टेकून उभी होते आणि पोलीस लिहून घेत होता, आणि मी बोलले नाही. आई घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "मला एकदा सांगितलं असतंत, तर ती चावी मी कूवम नदीत टाकून आले असते." त्यानंतर कितीतरी दिवस ती आपल्या दोघांसमोर ताट ठेवायची आणि आत निघून जायची.

तुम्ही दर रविवारी त्या बाईकडे जायचात, आधी हॉस्पिटलात, मग तिच्या घरी, आई तुमचा हात धरून. ती चार घरी पाणी भरायची आणि एका शाळेत झाडलोट करायची. मांडीत सळई घातल्यावर ती लंगडतच चालायला लागली. पाणी भरणं सुटलं. मी एकदाच तुमच्याबरोबर गेले. तुम्ही माफी मागत होता, आणि ती खाटेवर बसून तुमच्या डोळ्यांकडे बघत होती. मग ती तुम्हाला म्हणाली, "सार, तुम्हाला दिसत नाही हे ठाऊक असतं, तर मीच थांबले असते." रागाने नाही म्हणाली. खरोखरच तिला तसं वाटत होतं. तुम्ही खोलीच्या बाहेर आलात आणि चप्पल शोधत राहिलात. चप्पल तुमच्या उजव्या पायाशेजारीच होती. मी ती सरकवून द्यायला वाकले, आणि वाकलेलीच राहिले, कारण वर उठून तुमच्याकडे बघायचं धैर्य होत नव्हतं.

कारखान्यात तुम्ही स्वतःच जाऊन सांगितलंत. तुम्हाला खरोखरच फायलींवर बसवलं, आणि वर्षभराने तुम्ही ती नोकरीही सोडलीत. स्कूटर कुणीतरी घेऊन गेलं. त्या पावसाळ्यानंतर एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना तुम्ही मला विचारलंत, "त्या दिवशी तू कुणाबद्दल सांगत होतीस?" मी म्हणाले, कुणाबद्दल नाही. तुम्ही दोरीवरचा टॉवेल उगीच पुन्हा सारखा केलात, मी आणखी काही बोलेन म्हणून. मग दोरीला धरून धरून जिन्यापर्यंत गेलात. तो माणूस पुढच्या वर्षी सिंगापूरला गेला. जायच्या आधी त्याने दोनदा फोन केला होता, मी घेतला नाही. लग्न कर म्हणून आई सांगत राहिली, मग तीही थकली. ही शिक्षा मीच स्वतःला दिली होती, आणि तिने त्या बाईचं लंगडणं एका पावलानेही कमी झालं नाही.

शेवटी तुम्हाला नाण्याएवढं दिसत होतं, तेही उजेडात. पेपर मी वाचून दाखवायचे. तुम्ही गेलात ते डोळ्यांमुळे नाही, छातीत कळ आली आणि दुपारी झोपेतच गेलात. त्याआधीच्या सहा वर्षांत मला दिवसातून दहा वेळा सांगता आलं असतं की मी खांदा दाबला नव्हता. तुम्हाला ते माहीत होतं. तुमच्या खांद्यांइतकं ते कुणाला माहीत असणार? पण मी कबूल करावं अशी तुम्ही वाट बघत होता, की मी ते विसरून जावं म्हणून देवाला विनवत होता, हे मला आजही कळत नाही. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, तेही कळत नाही. आईलाही मी सांगितलं नाही. ती आता फार ऐकू शकत नाही, आणि ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही. तुमच्या हयातीत लिहिला असता तरी मलाच तो तुम्हाला वाचून दाखवावा लागला असता, आणि वाचताना मी नेमकी शेवटची ओळ गाळली असती.

म्हणून तेवढं लिहून थांबते. आईपासून आणि सगळ्यांपासून मी लपवलं ते तुम्हाला शब्द दिला होता म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले आहे. तसं नव्हतं, अप्पा. शब्द मी पहिल्याच आठवड्यात मोडला असता. पण सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तुम्हाला माझी गरज लागली होती, आणि रोज सकाळी तुमच्या मागे बसताना मला भीती वाटायची हे खरं असलं, तरी त्याहून जास्त मला आनंद व्हायचा.